चार उताऱ्यांतली एक विहीर

या जगातली प्रत्येक गोष्ट संपत आलेली आहे, यावर आमच्या साडूभाऊंइतका ठाम विश्वास असलेला माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. पाणी संपत आलंय, गॅस संपत आलाय, एस.टी.तली जागा संपत आलीय, पंगतीतलं वरण तर संपल्यातच जमा आहे, आणि ही बातमी फक्त आपल्यालाच कळलेली असून बाकीची दुनिया बेफिकीर मांडी घालून बसली आहे, असा त्यांचा चेहरा असे. त्यामुळे ते स्वतः कधी बसलेले दिसत नसत. आमच्या घरी आले की चपला काढायच्या आधी अंगणातल्या टाकीवर बोटानं टकटक करून पाणी कुठवर आहे ते ऐकायचे. तिथून थेट स्वयंपाकघरात. तिथं दोन्ही हातांनी सिलिंडर किंचित उचलून पाहायचे. माझी बायको ही त्यांची धाकटी मेहुणी, ती म्हणायची, "दाजी, परवाच लावलाय." त्यावर ते सिलिंडर खाली ठेवत म्हणायचे, "परवा म्हंजे दोन दिस झाले की." मग घरात गॅस आहे तोवर चहा घ्यावा म्हणून उभ्या उभ्या चहा घ्यायचे, आणि तोही अर्धाच.

आम्हा दोघांची सासुरवाडी जवळा बाजारची. मेहुण्याच्या लग्नात आचाऱ्याला त्यांनी इतक्या वेळा "पुरंल का?" विचारलं की तो बिचारा शेवटी झारा टाकून निघाला होता, सासऱ्यांनी हाताला धरून परत आणला. मग साडूभाऊंनी वाढायला स्वतः बादली धरली आणि वऱ्हाडाला अर्धी अर्धी पळी वरण वाढत गेले. नवरीकडचा एक म्हातारा म्हणाला, "जावईबापू, औषध वाढून राहिले का?" संध्याकाळी दोन पातेली वरण शिल्लक राहिलं. अख्ख्या गल्लीनं ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खाल्लं. सगळे त्यांना हसत होते, मीही हसत होतो; पण हसता हसता अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, विचारलं की तुम्ही कोणत्या पंगतीला बसलात, तेव्हा कळलं की पुरणार नाही या भीतीनं हा माणूस जेवायलाच बसला नव्हता.

एस.टी.च्या बाबतीत तर विचारू नका. गाडी स्टँडमध्ये वळायच्या आत ते तिच्याबरोबर पळू लागायचे आणि दिसेल त्या खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, एकदा तर एक चप्पलसुद्धा आत टाकायचे. आम्ही माणसं दोन, पण जागा सहा धरलेल्या. आत चढल्यावर भांडणं ठरलेली. लोक म्हणायचे, गाडी रिकामी आहे आणि बसायला जागा नाही, हा काय प्रकार. शेवटी लेकरू कडेवर घेतलेली एखादी बाई दिसली की साडूभाऊ सहाच्या सहा जागा सोडून द्यायचे आणि दांडीला धरून हिंगोलीपर्यंत उभे राहायचे.

असा हा माणूस कळमनुरीच्या आमच्या कॉलेजात कम्प्युटरच्या खोलीचा प्रमुख होता. मी त्याच कॉलेजात मराठी शिकवतो. नात्यानं मी त्यांचा साडू, तरीही ते मला 'सर' म्हणायचे, घरातसुद्धा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस खोलीत पहिली मशीनं आली तेव्हा ती चालवता येणारा माणूस पंचक्रोशीत एवढाच होता, म्हणून संस्थेनं त्यांना तात्पुरतं घेतलं आणि मग दर जूनला तात्पुरतंच घेत राहिली. दोन हजार चार-पाचच्या सुमारास खोलीत एक मोठं मशीन आलं. त्यावर त्यांनी लिनक्स घातलं. बाकीची बारा मशीनं म्हातारी झाली होती, त्यांचा आता फक्त पडदा आणि कळफलक वापरायचा आणि बाराही पोरांचं सगळं काम त्या एका मोठ्या मशीनच्या पोटात चालवायचं, अशी ती व्यवस्था. लिनक्स म्हणजे काय ते मला आजही धड सांगता येणार नाही. पण त्यात 'टॉप' नावाची एक आज्ञा होती, ती दिली की पडद्यावर तक्ता उघडायचा: कोणता प्रोग्राम किती मेमरी खातोय आणि एकूण किती उरली. आणि हा तक्ता दर तीन सेकंदांनी आपोआप बदलायचा. किती उरलं हे दर तीन सेकंदांनी सांगणारी वस्तू साडूभाऊंच्या हाती पडली. आधीच मर्कट, तशातही मद्य प्याला, त्यातला प्रकार झाला.

मशीनची मेमरी पाचशे बारा एम.बी. उरलेली मेमरी सकाळी दोनशे असायची आणि दुपारपर्यंत सहावर यायची. सहा. साडूभाऊ खोलीत येरझारा घालायचे, तक्त्यासमोर थांबायचे, पुन्हा चालायला लागायचे. शेवटी राहवलं नाही की मशीन बंद करून चालू करायचे. पोरांचं अर्धवट टाइप केलेलं जायचं, पोरं ओरडायची, साडूभाऊ म्हणायचे, "मशीनला जरा दम खाऊ द्या." त्या काळी वीज दिवसातून आठ-आठ तास जायची आणि साऱ्या जिल्ह्याच्या तोंडी शिव्या असायच्या. दिवे गेले की समाधान पावणारा माणूस मी एकच पाहिला. मेमरी मोकळी झाली म्हणून.

एकदा माझा तास चालू असताना ते वर्गाच्या दारात उभे राहिले. चेहरा असा की मला वाटलं कुणीतरी गेलं. बाहेर आलो तर म्हणाले, "सर, पाचशे बारात तीन हजार बसून राहिले." तक्त्यात मेमरीचे तीन रकाने होते, त्यांतल्या पहिल्याची त्यांनी वहीत बेरीज मारली होती. मी म्हटलं, मग कम्प्युटरचंच गणित चुकत असेल. ते म्हणाले, कम्प्युटरचं गणित चुकत नाही, आणि निघून गेले. आठवड्यानं एस.टी.त उभे असताना त्यांना आपोआप उलगडा झाला. स्वतःच टाकलेल्या टोपीकडे बघत म्हणाले, "सर, हे रुमालं हायत. त्या रकान्यात प्रोग्रामनं जागा धरलेली हाय, बसलेलं कोनी न्हाई." मला वाटलं, सुटलो. पण कुठचं काय. दोन दिवसांनी पुन्हा दारात. "आता दुसरा रकाना घेतला. फकस्त बसलेले मोजले. तरी आठशे चाळीस भरून राहिले. शिटा पाचशे बारा." मी म्हटलं, एकमेकांच्या मांडीवर बसले असतील. ते हसले नाहीत. विनोदात मी खऱ्या उत्तराच्या किती जवळ गेलो होतो, हे तेव्हा दोघांनाही कळलं नाही.

त्यांनी स्वतःपुरता अर्थ लावला तो असा, की मशीन गळ्यापर्यंत भरलेलं असून ते कोणत्याही क्षणी बसणार आणि कॉलेजाला पुन्हा असं मशीन मिळणार नाही. त्या दिवसापासून बारापैकी सहाच पडदे चालू ठेवायचा नियम निघाला. चाळीस पोरापोरींतली वीस एका वेळी आत, एका पडद्यासमोर तिघं-चौघं. बाकीची वीस व्हरांड्यात. आसपासच्या खेड्यांतून दोन-दोन गाड्या बदलून आलेल्या पोरी खिडकीच्या गजांना धरून आतल्यांची बोटं बघत उभ्या राहायच्या. एखादी म्हणायची, "सर, आमचा नंबर कवा?" साडूभाऊ म्हणायचे, "थांब बाई, मशीनवर लई ताण हाय." बाहेरच्यांसाठी त्यांनी पाण्याचा माठ ठेवला होता आणि त्यातलं पाणी किती उरलं तेही अधूनमधून पाहून यायचे. वर्षभर हे चाललं, आणि मग त्यांनी प्राचार्यांना पत्र दिलं: मशीनची क्षमता पाहता पुढील वर्षापासून चाळीसऐवजी वीसच विद्यार्थी घ्यावेत, सोबत बेरजेचा तक्ता.

या पत्रानं त्यांचं नशीब उघडलं. संस्थेच्या अध्यक्षांना आकडे फार आवडत, कळो न कळोत. ते म्हणाले, इतक्या वर्षांत आकड्यानिशी बोलणारा हा पहिलाच कर्मचारी. याला कायम करू. सात-आठ वर्षं दर जूनला अक्का नेमणुकीच्या आदेशाची वाट बघायच्या, ते आता संपणार होतं. एकाच बैठकीत दोन विषय आले: विद्यार्थिसंख्या वीस करणे, आणि साडूभाऊंना कायम करणे. बैठकीला चार दिवस होते.

नेमका त्याच वेळी पुसेगावहून त्यांच्या थोरल्या भावाचा निरोप आला की शेताच्या कागदाचं काही काम आहे, येऊन जा. रविवार होता, मीही गेलो. हे चौघे भाऊ. शेत वाटून घेतलेलं, पण वडिलांनी खोदलेली विहीर एकच, चौघांच्या सामाईक. थोरले भाऊ अंगणात बसले होते. जयभीम झाला, चहा आला, आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली.

"तालुक्याहून विहिरी मोजायला मानूस आल्ता. कागदं काढले त्यानं. तवाच्या तलाठ्यानं चौघांच्याबी उताऱ्यावर लिवून ठिवलंय, विहीर एक. सामाईक म्हनून कुठंच लिवलं न्हाई. त्यानं बेरीज केली, चार विहिरी. एक घावली. बाकीच्या तीन धुंडत बापडा ऐन उन्हाचा शेतभर हिंडून राहिला."

"मंग?" साडूभाऊ म्हणाले. नेहमीप्रमाणे उभे होते.

"मंग काय. मी म्हनलं, साहेब, हीच चारदा बघा अन् चला च्या प्यायला."

मी मनापासून हसलो. साडूभाऊंच्या हातातली कपबशी मात्र तोंडापर्यंत जाऊन थांबली होती.

"दादा," ते म्हणाले, "पन उतारा खोटा हाय का?"

"खोटा काहून? माझ्या उताऱ्यावर विहीर हाय, ती खरीच हाय. तुह्या उताऱ्यावर हाय, तीबी खरीच. चारी कागदं खरे हायत. बेरीज करनाराचं डोस्कं फिरलं, त्याला आपन काय करावं?"

साडूभाऊंनी कपबशी ओट्यावर ठेवली आणि चालू लागले. कागदाचं काम राहिलं, जेवणासाठी वहिनींनी भाकरी थापायला घेतल्या होत्या त्या राहिल्या. फाट्यापर्यंत मी त्यांच्या मागे जवळजवळ पळत होतो. गाडी आली, आणि पहिल्यांदाच त्यांनी खिडकीतून काही आत टाकलं नाही. वाटेत एवढंच बोलले, "बेरीज करनारा मी होतो, सर."

रविवारीच कुलूप काढून त्यांनी बाराही पडद्यांवर पोरांचा प्रोग्राम उघडून ठेवला आणि मला मशीनसमोर बसवलं, स्वतः उभे. आकडे माझ्या डोक्यावरून गेले, पण गोष्ट कळली. बारा पोरं तोच एक प्रोग्राम उघडतात तेव्हा मशीन त्याच्या मोठ्या भागाच्या बारा प्रती करत नाही. एकच प्रत ठेवतं आणि बाराही जण तीच वापरतात. पण तक्त्यात प्रत्येकाच्या नावापुढे ती पूर्ण लिहिलेली असते. बारा उतारे, विहीर एक. कितीचा वाटा सामाईक आहे, हे सांगणारा तिसरा रकाना शेजारीच होता. साडूभाऊंनी तो कधी पाहिलाच नव्हता. सामाईक तेवढं एकदाच धरून त्यांनी पुन्हा बेरीज केली, तर आठशे चाळीसचे पावणेतीनशेच्या आत आले. आणि तो रोजचा सहाचा आकडा? त्यासाठी त्यांनी दुसरी आज्ञा दिली, तिच्या पहिल्या ओळीत तेच सहा होते. पण खाली दुसरी ओळ होती. मोकळ्या जागेत मशीन आधी वाचलेल्या फायली तात्पुरत्या ठेवून देतं, कुणाला जागा लागली की लगेच उचलतं; तो हिशेब धरून खरं मोकळं किती, ते त्या दुसऱ्या ओळीत होतं. दोनशे चाळीस. इतके दिवस ते तिथंच लिहिलेलं होतं. साडूभाऊ म्हणाले, "पहिल्या ओळीतच जीव जायचा, सर. दुसरी वाचायला राहायचाच कोन?"

सोमवारी त्यांनी पोरांसाठी बाराही पडदे सुरू केले आणि व्हरांड्यातली सगळी पोरं आत घेतली. मशीनला काही झालं नाही. दिवसभर काही झालं नाही. पोरांना आनंद झाला तो झालाच, साडूभाऊ मात्र खोलीच्या मधोमध उभे होते, एखाद्याला भलत्याच घरात शिरल्यासारखं व्हावं तसे.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. अक्काही होत्या. मी म्हटलं, हे पाहा, पडदे सुरू केलेत ते चांगलं केलंत. पण पत्राबद्दल आता बोलू नका. कायमचा कागद हातात पडू द्या, पुढच्या वर्षी दुसरं पत्र द्या, विद्यार्थी पुन्हा चाळीस होतील. एका वर्षानं काय बिघडतं? अक्का म्हणाल्या, "सर बराबर बोलून राहिले." साडूभाऊ दारापासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून दारापर्यंत चालत होते. मग थांबले.

"आपल्यासाठी ते एक वरीस हाय, सर. त्या वीस लेकरांना यंदा परत लावलं तर त्यायची पुढची वाटच बदलंल. म्या त्यायला जागा न्हाई म्हनून सांगू? जागा हाय. म्या मोजली."

बैठकीत मी प्राध्यापकांचा प्रतिनिधी म्हणून होतो. साडूभाऊ उभे राहिले (बसलेच नव्हते) आणि म्हणाले, माझं पत्र चुकीचं आहे, मी विहीर बारा वेळा मोजली. अध्यक्षांना काही कळेना. मग त्यांनी पुसेगावची गोष्ट सांगितली. सभासद सगळे शेतकरी. कम्प्युटरचा गंध नसलेले ते लोक एकदम सावरून बसले. एकजण म्हणाला, "बराबर हाय, आमच्या गावातबी असंच हाय." हशा झाला. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी या आकड्यांचं चारचौघांत कौतुक केलेलं होतं.

"म्हंजे वर्षभर तुमी चुकीचं मोजलं."

"व्हय साहेब."

"अन् वीस लेकरं बाहेर उभे केले."

"व्हय साहेब. तेच सांगायला आलो."

विद्यार्थिसंख्या चाळीसच ठेवायचं ठरलं. साडूभाऊंचा विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. ज्या माणसाला मोजता येत नाही त्याला कायम कशाला करायचं, असं अध्यक्ष माझ्याकडे बघत म्हणाले. त्या वेळी मी बोलायला हवं होतं. चुकीचं मोजणारे पुष्कळ असतात, आपली चूक भर सभेत सांगणारा हा एकच आहे, एवढं एक वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. वर्गात मी तासभर न थांबता बोलतो. तिथं मी समोरच्या कागदाची घडी घालत बसलो. बाहेर आलो तर साडूभाऊ कॉलेजच्या पायरीवर बसले होते, चक्क बसले होते, आणि पूर्ण कप चहा पीत होते. मला म्हणाले, "चाळीस झाले, सर."

त्यांचा विषय पुढे आणखी चार बैठकांवर गेला आणि मग नव्या पदवीचा एक तरुण कायम झाला. जो तात्पुरता असतो त्याला निरोपसमारंभ नसतो. एका जूनला साडूभाऊंना आदेश आला नाही, एवढंच. ते नांदेडला मुलाकडे राहायला गेले. मी त्यानंतर बरेच दिवस कम्प्युटरच्या खोलीकडे फिरकलो नाही. एकदा काही कामानं गेलो, तर दाराला बाहेरून चिकटवलेला एक पुठ्ठा दिसला. त्यावर साडूभाऊंच्या अक्षरात लिहिलं होतं: बाहेर उभे राहू नये. आत या. जागा आहे. नव्या माणसानं तो काढला नव्हता. मी तिथं उभा राहिलो आणि मला स्वतःची लाज वाटली, हे लिहायला आता हरकत नाही.

गेल्या उन्हाळ्यात नांदेडला गेलो. गाडीतून उतरलो तर ते स्टँडवर घ्यायला आलेले, केस पांढरे, नजर तशीच भिरभिरती. बाकावर दोन रुमाल टाकलेले होते आणि स्वतः शेजारी उभे. "बसा सर, तुमची जागा धरून ठिवली." मी बसलो. वाटभर ठरवत आलो होतो की त्या बैठकीचं आज बोलायचंच. म्हटलं, "साडूभाऊ, त्या दिवशी मी..."

"औंदा किती हायत, सर?" ते मध्येच म्हणाले. "चाळीस भरले का?"

"चाळीसच्या चाळीस."

"समदे आत बसत्यात?"

"समदे आत बसतात."

त्यांनी मान हलवली, दुसरा रुमाल उचलून खिशात घातला आणि माझ्या शेजारी बसले.